सामूहिक भोजनात आपलेपणा कसा उपभोगावा

सणानिमित्त आपल्या वस्तीत सामूहिक भोजन ठरले आहे आणि तीन वेळा आठवण करून दिल्यानंतर का होईना, आपण वर्गणीही भरली आहे. पैसे दिलेच आहेत, तर त्याबरोबर मिळणारा आपलेपणाही पदरात पाडून घेणे व्यवहाराला धरून होईल. मात्र अशा भोजनात एक अडचण हमखास उद्भवते, ती म्हणजे तेथे शेजारीपाजारीही येतात. त्यांच्याशी फारसा संबंध येऊ न देता एकोप्याचा आनंद कसा घ्यावा, याविषयी जुन्याजाणत्या मंडळींनी पाडलेले काही पायंडे नवख्यांच्या सोयीसाठी येथे सांगत आहे.

पहिले काम जागा धरण्याचे. कार्यक्रमाच्या वेळेआधीच घरातल्या एखाद्या चपळ माणसाला पुढे पाठवावे आणि त्याने एका खुर्चीवर रुमाल, दुसरीवर पर्स, तिसरीवर पाण्याची बाटली आणि काहीच उरले नाही तर चौथीवर घरातले सर्वांत लहान मूल ठेवावे. एखादे आजोबा काठी टेकत येतील आणि ‘इथे कुणी बसलंय का?’ असे विचारतील, तेव्हा त्यांच्याकडे न पाहता, दाराकडे नजर लावून ‘येतायत’ असे म्हणावे. कोण येतायत, हे सांगण्याचे बंधन कोणत्याही कायद्याने घातलेले नाही. अशा रीतीने ज्या चौघांबरोबर आपण रोज घरी जेवतो, त्याच चौघांबरोबर बसून सार्वजनिक जीवनाचा आस्वाद घ्यावा. याला शास्त्राचाही आधार आहे. माणूस एकटा असताना जेवतो त्यापेक्षा चारचौघांत जास्त जेवतो, असे जॉन डी कॅस्ट्रो या मानसशास्त्रज्ञाने लोकांच्या जेवणाच्या नोंदी तपासून दाखवले होते. हा परिणाम आपल्या माणसांत ठळक दिसतो आणि अनोळखी माणसांत मात्र हात आखडतो, हेही अशा अभ्यासांतून पुढे आले आहे. ज्याला वर्गणी वसूल करायची आहे, त्याने परक्याला शेजारी बसवून घेणे म्हणजे सरळसरळ आतबट्ट्याचा व्यवहार होय.

हे सारे थोडे आपमतलबी वाटत असेल, तर इतिहासाकडे वळावे. अशा वेळी तो कुणालाच निराश करत नाही. प्राचीन स्पार्टात नागरिक पुरुषांना रोज एकत्र जेवण्याची सक्ती होती. एकेका गटात पंधराच्या आसपास माणसे असत आणि नव्या माणसाला आत घ्यावे की नाही, यावर मतदान होई. सेवक डोक्यावर भांडे घेऊन फिरे, प्रत्येक जण त्यात पावाची मऊ गोळी टाकी आणि ज्याला उमेदवार नको असेल तो ती चिमटीत दाबून, चपटी करून टाकी. एक चपटी गोळी निघाली, तरी उमेदवार बाद होई, असे जुने ग्रीक वृत्तान्त सांगतात. शिवाय जव, वाइन, चीज आणि अंजीर यांचा ठरलेला मासिक वाटा ज्याला झेपत नसे, त्याचे पूर्ण नागरिकत्वच जाई. ज्यांच्या घामावर हे सारे पिकत असे, त्या हेलट दासांना पंगतीत अर्थातच जागा नव्हती. आपल्याकडे इतकी शिस्त उरलेली नाही, याची खंत वाटते. आपण भाडेकरूंकडून वर्गणी पुरेपूर घेतो आणि नियोजनाच्या बैठकीचे निरोप तेवढे घरमालकांच्या गटावर टाकतो. गोळी चपटीच असते, फक्त ती कुणाच्या हातात सापडत नाही.

काय जेवावे यापेक्षा कुणाबरोबर जेवावे, हा प्रश्न नेहमीच मोठा मानला गेला आहे. १८९० मध्ये पुण्याच्या पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. पुढे नावे छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि कपभर चहाचा वाद प्रायश्चित्तापर्यंत जाऊन भिडला. आता इतका खटाटोप करावा लागत नाही. कुणी प्रेमाने घरून आणलेला डबा पुढे केला, की ‘वा! कुणी केलंय?’ असे कौतुकाने विचारावे, उत्तरातले आडनाव नीट ऐकून घ्यावे आणि मगच आपले पोट भरलेले आहे किंवा नाही, हे ठरवावे.

भाषण जेवणापूर्वी आणि एकोपा याच विषयावर असावे. शिजवलेले अन्न बाहेरच्या तापमानात दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये, असे आरोग्यतज्ज्ञ बजावत असतात, परंतु अध्यक्षांना हे कुणी सांगू नये. ते बोलत असतात तोवर निदान झाकणाखालचे जंतू तरी खरोखर एकोप्याने वाढत असतात.

राहता राहिला रखवालदार. सकाळपासून खुर्च्या त्याने वाहिल्या, दिव्यांच्या माळा त्याने लावल्या, पाण्याचे पिंपही त्यानेच सरकवले, आणि आता शेवटचे कुटुंब हात धुऊन गेल्यावर तो भांड्याच्या तळाशी राहिलेले खरवडून, गेटजवळच्या स्टुलावर, एका हाताने ताट सांभाळत आणि दुसऱ्या हाताने गाड्यांसाठी फाटक उघडत जेवतो आहे. त्याला पहिल्या पंगतीला बसवावे, अशी सूचना एखादा उत्साही तरुण भर सभेत करील. सूचनेचे टाळ्या वाजवून स्वागत करावे आणि मग अगदी सौम्य आवाजात, ‘पण मग गेटवर कोण थांबणार?’ असे विचारावे. बहुतेक तरुण येथे गप्प होतात. एखादा ‘मी थांबतो’ म्हणालाच, तर पुढच्या वर्षी त्याला समितीत घेऊ नये, कारण अशी माणसे पुढे हिशेबही पाहायला मागतात. रखवालदाराबरोबर एक छायाचित्र मात्र जरूर काढावे. त्याचे नाव ठाऊक नसले तरी बिघडत नाही. छायाचित्राखाली ‘आपला परिवार’ एवढे लिहिले की पुरते.

पॅरिसमध्ये १९९९ पासून ‘शेजाऱ्यांचा सण’ साजरा होतो. लोक आपापले पदार्थ घेऊन इमारतीच्या अंगणात उतरतात आणि ज्यांच्याशी जिन्यात कधी बोलणे झाले नाही त्यांची ओळख करून घेतात. हे लोण पुढे इतर देशांतही पसरले. असल्या खुळांपासून आपण सावध राहावे. एकदा ओळख झाली, की दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये फोनकडे पाहत राहणे अवघड होऊन बसते.

घरी परतल्यावर गटावर ‘एका कुटुंबासारखं वाटलं!’ असा संदेश टाकावा, आणि मीठ कमी होते ही तक्रार दुसऱ्या, छोट्या गटावर करावी. थोड्याच वेळात, भांडी आणि खुर्च्या आवरायला चार माणसे हवी आहेत, असा निरोप येईल. तो उघडू नये. सकाळी सगळे आवरून झाल्याची खात्री पटली, की ‘अरे, आत्ता पाहिलं! एक फोन करायचा ना!’ असे लिहून पुढे हात जोडल्याचे चिन्ह टाकावे.