वाफेतून कण गेला म्हणजे लेप बसला, असं नाही

हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांवर पातळ लेप चढवण्याची एक कृती बरीच फिरते आहे: "लेपद्रव्य तापवा, त्याच्या वाफेतून कण सोडा, झटकन थंड करा. वाफ जितकी जास्त तितका लेप जाड, आणि सगळ्या कणांवर सारखा. व्यासातल्या वाढीचा निम्मा म्हणजे जाडी." यातलं पहिलं वाक्य अर्धं बरोबर आहे. बाकीचं ऐकून मोजमापं केली तर निष्कर्षच चुकतात.

"सगळ्यांवर सारखा." वक्र पृष्ठभागावर वाफ साचायला तिचा दाब जास्त लागतो, कण जितका लहान तितका जास्त. डायॉक्टिल सेबॅकेट हे नेहमीचं तेल घ्या. साध्या तापमानाला 100 नॅनोमीटरच्या कणावर ते साचायला वाफ संपृक्ततेच्या (म्हणजे सपाट पृष्ठभागावर साचू लागण्यापूर्वी हवेत जास्तीत जास्त मावणाऱ्या वाफेच्या) सुमारे 1.27 पट लागते, 50 नॅनोमीटरला 1.6 पट आणि 20 नॅनोमीटरला तिपटीहून जास्त. म्हणजे एकाच नळीत 100चा कण फुगतो आणि शेजारचा 20चा कोराच राहतो. आधी एका आकाराचे कण निवडून घ्या, मगच लेप चढवा.

"वाफ वाढवा." अशा जड तेलांचा बाष्पदाब 80 अंशांच्या आसपास दर अंशाला साधारण 10 टक्क्यांनी चढतो, म्हणून तापमान अर्ध्या अंशात धरून ठेवावं लागतं. मर्यादा ओलांडली की वाफ कणांवर न बसता स्वतःचेच थेंब बनवते, आणि हे थेंब मोजणीत लेपित कण म्हणून मिसळतात. तपासणी सोपी आहे: कणांच्या वाटेत गाळणी लावा, बाकी सगळं तसंच चालू ठेवा. कणमोजणी यंत्र शून्याजवळ यायला हवं. येत नसेल तर ते येईपर्यंत तापमान उतरवा.

"झटकन थंड करा." इथेच सगळ्यात जास्त बिघडतं. या तेलाची वाफ हवेत फार सावकाश पसरते, उष्णता मात्र चटकन निघून जाते. भिंत एकदम गार केली की नळीच्या मध्यभागी वाफ अडकून अतिसंपृक्त होते आणि तिथेच नवे थेंब फुटतात. नळी हळूहळू थंड होऊ द्या. थोडी वाफ भिंतीवर जाईल, ती जाऊ द्यावी.

"फरकाचा निम्मा म्हणजे जाडी." भरीव गोल कणाला हे चालतं. काजळी मात्र मण्यांच्या फांद्यांसारखी असते. तेल आधी फटींत शिरतं, फांद्या आखडतात. वस्तुमान वाढलं तरी व्यास जैसे थे राहतो, कधी घटतोही. अशा वेळी वस्तुमानच मोजलं पाहिजे.

भारित कण विद्युतक्षेत्रात किती सरकतात यावरून निवड करणाऱ्या यंत्राने 100 नॅनोमीटरचे कण निवडले, तरी दोन भार असलेले सुमारे 150चे कणही तितकेच सरकतात आणि यंत्राच्या त्याच फटीतून सुटतात. लेपानंतर आलेखात जो दुसरा छोटा उंचवटा दिसतो तो बहुतेकदा त्यांचाच असतो. लेप असमान बसला म्हणून तो दिसत नाही.

शिवाय भिंतीवर साचलेलं तेल पुढच्या प्रयोगात वाफ सोडत राहतं. म्हणून सुरुवातीला हीटर बंद ठेवून कण सोडा. व्यास बदलला तर नळी धुऊन, सुकवून मगच पुढे जा.