कटांग्याचं सोन्याचं नाणं: खरं किती, थाप किती

"कटांगा देशात इतकं सोनं होतं की लोक भाजीसुद्धा सोन्याच्या नाण्यांनी घेत. देश बुडाला, नाणी वितळवली. उरलेलं एखादं घरात सापडलं तर तुम्ही कोट्यधीश!" केळ्यांचा घड कोरलेल्या पिवळ्या नाण्याच्या फोटोसकट हा मजकूर ग्रुपाग्रुपांत फिरतोय. 1961 सालचं हे पाच फ्रँकचं नाणं आहे, तेवढं खरं.

आधी तो 'देश'. कटांगा हा आफ्रिकेतल्या काँगोचा एक प्रांत. 11 जुलै 1960 रोजी तिथले नेते मोईझ चोंबे यांनी काँगोतून फुटून निघाल्याची घोषणा केली, जानेवारी 1963 मध्ये खेळ आटोपला. मान्यता एकाही देशाने दिली नाही. तेव्हा काँगोत गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत आपलेही जवान होते. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया तिथेच, कटांग्याच्या राजधानीत एलिझाबेथव्हिलमध्ये, 5 डिसेंबर 1961 रोजी धारातीर्थी पडले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. फॉरवर्ड करणाऱ्यांना हे कुठलं ठाऊक!

'इतकं सोनं'? कटांग्याची श्रीमंती तांब्याची, मग कोबाल्ट आणि युरेनियमची. नाण्याच्या दुसऱ्या बाजूची फुलीही तांब्याचीच खूण: तशा ओतीव तांब्याच्या फुल्या तिथे पूर्वी पैसा म्हणून चालत.

भाजीचा हिशेब तर अगदीच गमतीचा. नाणं 13.33 ग्रॅमचं, त्यात शुद्ध सोनं 12 ग्रॅम, म्हणजे जुन्या तोळ्याहून किंचित जास्त. औंसाला (साधारण 31 ग्रॅमला) 35 डॉलर या तेव्हाच्या भावाने ते साडेतेरा डॉलरचं. नाण्यावर छापलेली किंमत पाच फ्रँक, आणि डॉलरला फ्रँक साधारण पन्नास! दहा सेंटच्या भाजीसाठी साडेतेरा डॉलरचं सोनं कोण मोजेल? हे नाणं मिरवायला आणि संग्राहकांना विकायला काढलेलं. बाजारासाठी त्याच छापाचं ब्राँझचं नाणं होतं.

वितळवल्याचं म्हणाल तर, कॅटलॉगांत आकडा 20,000 नाण्यांचा आहे आणि लिलावांत ती आजही येतात. भाव सोन्याच्या वजनावरच बेतलेला, वर थोडी हौसेची किंमत. कोटी विसरा.

परवा एका मित्राने मोठ्या उत्साहाने "हे बघ, सोन्याचं!" म्हणून असंच नाणं पुढे केलं. घासूनपुसून लख्ख केलेलं, तीच केळी, तीच फुली. शेजारच्या सराफाच्या काट्यावर ठेवलं. साडेसहा ग्रॅम. सराफाने काही न बोलता ते परत त्याच्या हातात दिलं.