देववतं कसं गं तुला?

घरी सांभाळून बरं केलेलं मांजराचं पिल्लू दत्तक गेल्याचा फोटो टाकला की खाली हा प्रश्न ठरलेला. "एवढं केलंस आणि देऊन टाकलंस?" "मी तर ठेवूनच घेतलं असतं बाई!" विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, कल्पना आहे. पण दर वेळी तेच उत्तर टाइप करायचा कंटाळा आलाय, म्हणून आज एकदाच सविस्तर.

देववतं, कारण द्यायचं म्हणूनच आणलेलं असतं. ठेवून घेतलं तर माझ्या घरात एक मांजर वाढेल आणि जखमी पिल्लांसाठी असलेलं डोंबिवलीतलं एक दार कायमचं बंद होईल. वन बीएचके आहे आमचं. त्यात मी, नवरा, सासूबाई आणि वॉशिंग मशीन. वॉशिंग मशीनशेजारच्या बोळकांडीत एक पिंजरा मावतो. एकच.

या वेळचा पिंजरेवाला श्रावणात आला. पावसाळ्यात पिल्लं उबेला गाडीच्या बोनेटखाली शिरतात आणि सकाळी कुणी चावी फिरवली की पंख्यात नाहीतर बेल्टात सापडतात. याच्या मागच्या पायाची नडगी मोडली होती आणि शेपटीची कातडी निम्म्यापर्यंत सोलवटून निघाली होती. दीडेक महिन्याचा तांबडा बोका, वजन अर्धा किलोसुद्धा नाही. वॉचमनकाकांनी खोक्यात घालून आणला तेव्हा ओरडतही नव्हता. ओरडणारं पिल्लू बरं, गप्प पडलेल्याची जास्त भीती वाटते.

शेपूट अर्धी काढावी लागली. पायाला स्प्लिंट. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, लहान आहे; फक्त उड्या मारू देऊ नका. मांजराच्या पिल्लाला उड्या मारू देऊ नका! म्हणून पिंजरा. आत फळी नाही, झोका नाही, चढायला काही नाही. शी-शूच्या ट्रेमध्ये लिटरऐवजी (म्हणजे मांजरांसाठीच्या खड्यांच्या मातीऐवजी) रद्दीपेपरच्या पट्ट्या, कारण लिटरचे खडे शेपटीच्या ओल्या टाक्यांना चिकटतात. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा कोन. त्या कोनामुळे वाटीचा अंदाज चुकायचा आणि सगळं खाणं कोनात. मग दिवसातून चारदा कोन पुसा.

औषध पाजणं हे वेगळंच शास्त्र आहे. जुना पंचा घ्यायचा, पिल्लाला त्यात गुंडाळायचं, पुढचे दोन्ही पाय आत गेलेच पाहिजेत, नाहीतर तुमचं मनगट गेलं. सिरिंज तोंडाच्या बाजूने, दाढेजवळून, थेंबथेंब. समोरून घशात पिचकारी मारली तर औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि डॉक्टरांनी दिलंय तेवढंच. "दुखत असेल गं, थोडी क्रोसिन दे" असं सांगणारे किमान तीन जण तरी भेटतात. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. थोडीसुद्धा नाही. हे एवढं वाक्य तरी या पोस्टमधून कॉपी करून घ्या.

आता खाण्याचा विषय. आमचं घर शाकाहारी आणि त्यात चातुर्मास. आईंनी पहिल्या दिवशी मायेने दूधभात कालवून आणला. त्यांचं काही चुकलं नाही, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मांजराला दूधभात आणि दूधपोळीच घातली जाते. पण गाईम्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे थेट सलाइन. शिवाय मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे जातात, हृदय निकामी होतं. तुम्ही शाकाहारी राहा, मीही आहे, पण आपलं व्रत मांजराच्या माथी मारू नका. हे मी आईंना इतक्या तिखट शब्दांत सांगितलं नाही अर्थात. तोडगा त्यांनीच काढला: पाव्हण्यांची वाटी वेगळी, चमचा वेगळा, डबा गॅलरीत, आणि धुणार मी. चार दिवसांनी मी ऑफिसमधून आले तर आई नाकाला पदर लावून वेट फूडचं पाकीट कात्रीने कापत होत्या. "पाव्हणं उपाशी बसलंय केव्हाचं, तुझी लोकल काय वेळेवर येतेय होय?"

बेसन मोजायचा काटा तेव्हापासून पिंजऱ्यापाशीच असतो. रोज सकाळी वजन. या वयाच्या पिल्लाचं वजन आठवड्याला साधारण 100 ग्रॅमने वाढायला हवं. एक दिवस जरी घटलं तरी डॉक्टरांना फोन. (आई आता बेसन अंदाजे घेतात.)

"हे सगळं घरी कशाला, संस्था आहेत ना?" असंही विचारतात. आहेत. परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे जनावरांचा दवाखाना, तर एकोणिसाव्या शतकापासून आहे. पण हॉस्पिटल झालं की पुढे काय? लस पूर्ण न झालेलं पिल्लू जिथे खूप मांजरं एकत्र असतात तिथे आठवडेच्या आठवडे ठेवणं धोक्याचं असतं. पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्वो, हा जीवघेणा संसर्गजन्य रोग एकदा शिरला की लहान पिल्लं पटापट जातात, आणि तो विषाणू जमिनीवर, भांड्यांत महिनोन्‌महिने टिकतो. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांची होईपर्यंत. हा मधला काळ काढायला मोठी जागा किंवा मोठं मन लागत नाही. एक बंद दार लागतं आणि बऱ्यापैकी चिकाटी.

आणि तेच मिळत नाही. ग्रुपवर पिल्लाचा फोटो येतो, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग, "कोणीतरी घ्या रे प्लीज", आणि तोच फोटो आणखी पाच ग्रुपवर. सगळे "कोणीतरी"च्या शोधात.

मग येतात दत्तक घेणारे. "पर्शियन मिक्स आहे का?" "मुलांना सुट्टीपुरतं हवं होतं." "शेपूट पूर्ण असलेलं नाही का दुसरं?" मी अटी सांगते: खिडक्यांना आणि गॅलरीला मजबूत जाळी, आधी घर बघणार, वेळ आली की नसबंदी करणार असं लिहून द्यायचं, वर्षभर अधूनमधून फोटो पाठवायचे. एक गृहस्थ भडकले, "मुलगी देताय की मांजर?" हो काका, मुलीइतकीच चौकशी करणार. कारण उद्या तुम्ही त्याला मासळी बाजारात सोडून आलात तर कायदा तुमचं फारसं काही वाकडं करत नाही. उपाशी मरेल अशा ठिकाणी प्राणी सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड जास्तीत जास्त 50 रुपये. आज दोन-तीन वडापाव येतात त्यात. म्हणून माझा फॉर्म कायद्यापेक्षा कडक आहे आणि राहणार.

पाव्हणं दसऱ्याच्या आधी ठाण्याला गेलं. घाई मुद्दाम केली. दिवाळीच्या फटाक्यांत कुठलंही पिल्लू नव्या घरी पाठवायचं नाही हा माझा नियम, आणि त्याआधी त्याला रुळायला वेळ हवा होता. त्या ताईंकडे याच्याच वयाचं एक पिल्लू आधीपासून आहे. पहिले काही दिवस वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा म्हटलं, तर त्यांनी ठेवलं, रोज न विचारता कळवलं. अशी माणसंही असतात, शोधावी लागतात. किंचित लंगडतो अजून, पण परवाच्या व्हिडिओत पडद्याच्या दांडीवर होता.

रडू आलं का? आलं. आईंनाही आलं, पण त्या कांदा चिरत होत्या म्हणे.

तर पिंजरा आता धुऊन, ब्लीच पाण्यात मिसळून पुसून, उन्हात वाळवून ठेवलाय (फिनाईल वापरू नका, मांजराला बाधतं). महिनाभर आमच्याकडे रंगकाम आहे, त्यामुळे मला नवं पिल्लू घेता येणार नाही. डोंबिवली-कल्याण भागात कुणाला पहिल्यांदा फॉस्टर करून, म्हणजे पिल्लू दत्तक जाईपर्यंत घरी सांभाळून, बघायचं असेल तर पिंजरा, ट्रे, कोन आणि सिरिंजा माझ्याकडून घेऊन जा. मेसेज करा. औषध पाजायला सुरुवातीला मी येईन. पंचा मात्र तुमचा.