तक्रारीचे स्वरूप

मिक्सर बंद पडला. सॉकेट बदललं, भांडं दाबून बसवलं, शेवटी दोन चापट्या मारल्या. ढिम्म! "मोटर जळली," असं मी घरात जाहीर केलं, वर जाणकारासारखा वासही घेऊन दाखवला. मेकॅनिक तीन दिवसांनी उगवला.

त्याने बॅग उघडलीच नाही. हे मला अजून बोचतंय. निदान एक स्क्रूड्रायव्हर तरी काढायचा!

"काका, खालचं बटण दाबलंत?"

"कुठलं खालचं?"

त्याने मिक्सर आडवा केला. बुडाला लाल बटण. अंगठ्याने टक्. मिक्सर घुर्रर्र.

"लोड जास्त झाला की हे ट्रिप होतं. करंट तुटतो, मोटर वाचते. थोडं गार होऊ द्यायचं, दाबायचं."

"पण जळका वास येत होता."

त्याने मिक्सर हुंगला. मग ओटा हुंगला. "तो फडक्याचा आहे."

आता मोबाइलवर फॉर्म. 'तक्रारीचे स्वरूप' या रकान्यात तो मोठ्याने बोलत टाइप करू लागला, "ग्राहकाने... बटण... दाबले... नाही."

"अहो, 'तांत्रिक बिघाड' लिहा की!"

"बिघाड नाहीच ना, काका. मशीन हुशार आहे."

पुढचं वाक्य त्याने गिळलं, पण बायकोला ते स्पष्ट ऐकू गेलं. मशीन वॉरंटीत होतं. बटण दाबणं वॉरंटीत बसत नव्हतं. व्हिजिट चार्ज पडलाच.

मला एक सांगा, लाल रंग दिसावा म्हणून देतात ना? मग तो बुडाखाली का? माहितीपुस्तिकेत आहे म्हणे. आहे, मुंगीच्या अक्षरात, 'मिक्सर पाण्यात बुडवू नका'च्या खाली. 1947 साली बाजारात आलेला पहिला मायक्रोवेव्ह माणसाएवढा उंच होता, वजन सुमारे 340 किलो. त्याच्या मालकाला 'जरा उलटा करून बघितलात का' असं विचारायची कोणाची छाती झाली नसेल. आता यंत्रं हलकी झाली, म्हणून ती उलटीपालटी करून कोडी सोडवायची जबाबदारी आमची. साधा बिघाड कळवायलाही फ्रिज टूंटूं करतो, इंडक्शन दोन अक्षरी सांकेतिक निरोप देतं. हा मिक्सर मात्र पोटाखाली बटण दाबून मुकाट बसला.

"काका, ओटीपी सांगा. आणि पाच स्टार द्या हं."

दिले. शेऱ्याच्या जागी लिहिलं : बॅग उघडली नाही.