फोटो आधी गावाला, मग फेसबुकला

मिरग जवळ आला की माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न सुरू होतो. "दादा, तो काजव्यांचा फोटो कुठला? लोकेशन टाका की." बेळगाव, कोल्हापूर, हुबळी, पुणे, सगळीकडून विचारणा. मी सांगत नाही. काही जण समजून घेतात, काही चिडतात. परवा एकानं लिहिलं, "जंगल काय तुझ्या बापाचं आहे?" सगळ्यांना एकदाच नीट उत्तर द्यावं म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांबली आहे, सवडीनं वाचा.

जंगल माझ्या बापाचं नाही, खरंच. पण ते बेवारसही नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला जांबोटी, कणकुंबी, हेम्माडग्याच्या पुढं जे रान आहे त्यात गावं आहेत. भीमगड अभयारण्य जाहीर झालं २०११ मध्ये, साधारण १९० चौरस किलोमीटरचं. गवाळी, कोंगळा, पास्टोली, आमगाव, देगाव, तळेवाडी ही गावं त्याच्या कितीतरी आधीची. मी ज्या वाटेनं कॅमेरा घेऊन जातो ती वाट त्यांच्या गुरांच्या खुरांनी पडलेली आहे. कुठल्या झाडाला कधी फळ धरतं, कुठल्या ओढ्याला गवे उतरतात, हे मला तिथल्या माणसांनीच सांगितलं. वनखात्याची परवानगी लागते, ती घ्यायचीच. पण ती हातात आली म्हणजे गावाला विचारायची गरज संपली, असं मला वाटत नाही.

म्हणून माझा एक नियम आहे. ज्या गावच्या शिवारात फोटो काढला, त्या गावानं तो आधी बघायचा. मोबाईलवर नाही, कागदावर. देवळाच्या कट्ट्यावर प्रिंट मांडायच्या, लोकांनी हातात घेऊन बघायच्या, कुणाचा फोटो असेल त्यानं घरी न्यायचा. त्यातलं बाहेर काय जावं आणि जागेचं नाव लिहावं की नाही, हे पंच मंडळी आणि बायामाणसं ठरवतात. एका देवराईचे माझे फोटो चांगले आलेत, पण गावानं नको म्हटलं. ते माझ्याकडंच आहेत आणि राहतील.

प्रिंटवर पैसे का घालवतोस, असं स्टुडिओवाले मित्र विचारतात. एका आज्जीचा लावणीच्या चिखलात, डोक्यावर इरलं घेतलेला फोटो द्यायला गेलो होतो. तिनं तो बाजूला ठेवला आणि आत जाऊन भिंतीवरची चौकट काढून आणली. नवऱ्याचा फोटो होता, आधारकार्डावरून मोठा केलेला. चेहऱ्याचे नुसते ठिपके झालेले, डोळे कुठं आणि मिशी कुठं ते कळत नव्हतं. "बाळा, ह्यांचा दुसरा फोटोच नाही बघ," म्हणाली. त्यानंतर मी आधी म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढतो, मग पक्ष्यांचे. आमच्याकडच्या पावसात फोटो काचेला चिकटून खराब होतो, म्हणून काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची कड घालून, थोडी जागा सोडून फ्रेम करतो. खर्च वाढतो, पण फोटो टिकतो. माझ्या दृष्टीनं कलेचा अर्धा भाग तिथंच पार पडतो.

आता काजव्यांकडं येतो. फोटोत जे हजारो ठिपके एकदम दिसतात ते बहुतेक वेळा एका क्षणाचं चित्र नसतं. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून बऱ्याच फ्रेम घ्यायच्या आणि नंतर एकावर एक चढवायच्या, तेव्हा ते झाड तसं उजळतं. मी पोस्टखाली हे लिहितोच. कारण तो फोटो बघून आलेल्या माणसाला तिथं तसं दिसत नाही, मग तो आणखी आत शिरतो, गाडीचे दिवे लावतो, बॅटरी मारतो. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. उजेड पडला की ती पोचत नाही. वर्षातले थोडेच दिवस त्यांच्या हातात असतात.

धनेश पक्ष्याचं तर त्याहून नाजूक. मादी झाडाच्या ढोलीत बसते, तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. पुढचे कित्येक आठवडे तिचं आणि पिल्लाचं पोट एकट्या नरावर. तो येऊन फांदीवर बसतो, मान वर करून गळ्यातलं एकेक फळ चोचीच्या टोकाला आणतो आणि त्या फटीतून आत देतो. झाडाखाली माणसं दिसली की तो लांबच्या झाडावर थांबून राहतो. आपण "एक शॉट मिळू दे" म्हणून बसलेलो असतो, तेवढा वेळ आत उपास. ढोलीचं लोकेशन टाकणाऱ्यानं याचा विचार करावा.

आणि तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहा. रॉटनचं वटवाघूळ म्हणून जी जात ओळखतात तिचं वर्णन १९१३ मध्ये प्रसिद्ध झालं ते इथल्याच नमुन्यांवरून. पुढं कित्येक दशकं जगात ते फक्त इथंच आहे असं मानत. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. त्या गुहेत फ्लॅश मारायला जायची मला इच्छा नाही. असा फोटो माझ्या नावावर नसला तरी चालेल.

एवढं सांगूनही मला "जंगल वाचवा, माणसं हटवा" या गटातला समजू नका. आमच्या भागाचे जे फोटो गाजतात त्यात धुकं असतं, धबधबा असतो, साप-बेडूक असतात, पण माणूस नसतो. मुद्दाम घर टाळून, वीजतार टाळून फ्रेम धरलेली असते. असे फोटो वर्षानुवर्षं बघून लांबच्या माणसाला वाटायला लागतं की इथं कुणी राहतच नाही, आणि जे राहतात ते घुसखोर. हे मला मान्य नाही. पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून उचलून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात ती वाटही याच जंगलातली, आणि तिचाही फोटो निघाला पाहिजे. २०२५ मध्ये तळेवाडीच्या कुटुंबांना अभयारण्याबाहेर पडण्यासाठी सरकारी मदतीचे धनादेश मिळाले. ज्यांना जायचंय त्यांनी जावं, रस्ता-दवाखाना नसताना तिथं राहा असं सांगणारा मी कोण? पण जाणाऱ्या माणसाचं घर, चूल, खळं, दारातली तुळस यांचे फोटो त्याच्याजवळ असावेत, एवढं काम आमच्यासारख्यांनी करायला हवं.

नद्यांचंही तसंच. म्हादई देगावाकडं उगम पावते आणि गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. मलप्रभा कणकुंबीला, माउलीच्या देवळापाशी उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. एका तालुक्यातलं पाणी दोन समुद्रांना जातं. म्हादईला मिळणाऱ्या कळसा नाल्याचं पाणी मलप्रभेत वळवायला कणकुंबीत कालव्याचं काम झालं, २०१८ च्या ऑगस्टमध्ये म्हादई पाणीवाटप लवादानं कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यावर कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांत भांडण चालूच आहे. हुबळी-धारवाडला प्यायला पाणी हवं, ते मी नाकारत नाही. पण कालवा खणायच्या आधी ती जागा कशी होती, झरे कुठं होते, उन्हाळ्यात पाणी कुठवर टिकायचं, हे दाखवणारे फोटो फारच थोडे आहेत. आमच्या आधीच्या पिढीत कॅमेरा लग्नाला आणि बारशाला निघायचा, ओढ्याचा फोटो कोण काढणार?

तरीही काही असतील. लग्नाच्या फोटोत मागं नदी आलेली असते, माउलीच्या यात्रेच्या फोटोत मागचा डोंगर दिसतो. जांबोटी, कणकुंबी, चिगुळे, गवाळी भागात कुणाच्या ट्रंकेत असे जुने फोटो असतील तर मला कळवा. फोटो घराबाहेर न्यायचा नाही, मी येऊन तिथंच स्कॅन करून घेईन आणि त्याची एक चांगली प्रिंट तुम्हाला देईन. फोटोतली माणसं, गाव, अंदाजे साल एवढं मागं पेन्सिलीनं लिहून ठेवा. पेनाची शाई पुढच्या बाजूला उमटते.