जनरेटर आहे, पण यीस्टसाठी नाही!

यीस्ट म्हणजे स्वस्त आणि सोपे काम, हे वाक्य यापुढे माझ्यासमोर कोणी उच्चारू नये. पिचिया पास्टोरिस या यीस्टमध्ये तयार केलेल्या उंदराच्या केव्ही १.२ या पोटॅशियम चॅनेलची (पेशीपटलातून पोटॅशियम ये-जा करू देणाऱ्या प्रथिनाची) रचना २००५ साली उलगडली, हे आम्हालाही ठाऊक आहे आणि त्याच आशेवर आम्ही रत्नागिरीत यीस्टकडून पेशीपटलातील प्रथिने बनवून घेऊन त्यांवर काम करतो. पण त्या कामाला अखंड वीज लागते, हे आमच्या संस्थेच्या गळी कसे उतरवायचे?

पावसाळ्यात वीज जाणे कोकणाच्या पाचवीलाच पुजलेले आहे. त्यासाठी लाइनमनला मी बोल लावणार नाही. भर पावसात खांबावर चढणारा माणूस तो. माझा संताप आहे तो संस्थेवर, कारण येथे जनरेटर आहे, त्यात डिझेलही आहे, पण त्याची लाइन कार्यालयाच्या आणि सभागृहाच्या एसीपर्यंतच पोहोचते.

प्रथिननिर्मिती सुरू व्हावी म्हणून मिथेनॉल दिलेल्या पिचियाला भरपूर ऑक्सिजन लागतो. फ्लास्क सतत हलवत ठेवणारा शेकर थांबला की पेशी फ्लास्कच्या तळाशी बसतात आणि प्रथिननिर्मितीचा बोजवारा उडतो. त्यातून वाचले, तर पुढे खरी परीक्षा असते. यीस्टची भिंत चिवट असल्यामुळे ती काचेच्या मण्यांनी, मध्ये मध्ये बर्फात ठेवत, फोडावी लागते आणि पेशी फुटताच व्हॅक्युओल या पेशीतल्या पिशवीतली प्रोटिएज, म्हणजे प्रथिने तोडणारी विकरे, मोकळी सुटून आपल्याच प्रथिनाचे लचके तोडू लागतात. म्हणून सारे ४ अंशांवर उरकायचे आणि पेशीपटले खाली बसवण्यासाठी अल्ट्रासेंट्रिफ्यूज हे अतिवेगाने फिरणारे यंत्र सुमारे १,००,००० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट, बलावर तासभर फिरवायचे. नेमकी तेव्हाच वीज जाते. रोटर आपल्या गतीने मंदावत राहतो, झाकण उघडता येत नाही, चेंबर तापत जातो आणि आम्ही हात चोळत उभे राहतो. पुढे प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत, म्हणजे ब्लॉटवर, एका ठसठशीत पट्टीऐवजी खालपर्यंत ओघळलेला धूसर डाग दिसतो. विद्यार्थिनीचा आठवडा वाया गेलेला असतो आणि पटलातून प्रथिन सोडवणारे महागडे डिटर्जंटही.

अर्ज केला की "तरतूद नाही" हे उत्तर ठरलेले, आणि त्याच वर्षी सभागृहाला नवे एसी बसतात! हा निव्वळ बेपर्वाईचा कारभार आहे. आम्ही नवे यंत्र मागत नाही. जनरेटरच्या पॅनेलपासून प्रयोगशाळेपर्यंत एक केबल टाका, शेकर, सेंट्रिफ्यूज आणि उणे ८० चा फ्रीझर तिच्यावर घ्या, आणि हे गणपतीच्या सुट्टीत कार्यालय ओस पडण्याआधी करा.