‘बरं वाटतं’ म्हटलं म्हणून

इथे कॅनडात रात्री दहाला मी डिशवॉशर लावत असतो तेव्हा सांगलीत सकाळचे साडेदहा वाजलेले असतात आणि आमच्या दहावीच्या ग्रुपला तोंड फुटलेलं असतं. परवा विषय निघाला आमच्याच शाळेचा. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या एका डॉक्टरांना मागच्या वर्षी नववीच्या मुलांशी बोलायला बोलावलं होतं. एका पोराने विचारलं, ‘‘सर, एमडी घेतल्यावर काय होतं?’’ (एमडी म्हणजे मेफेड्रोन, नशेची पावडर.) डॉक्टरांनी सरळ सांगितलं. आधी बरं वाटतं, तरतरी येते, भूक-झोप उडते. मग छाती धडधडायला लागते, उतरली की जीव नकोसा होतो आणि पुन्हा तीच हवी असते. झालं. एवढ्यातले ‘बरं वाटतं’ हे दोनच शब्द घरोघरी पोचले आणि पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत. यंदा २६ जूनला डॉक्टर नाहीत. शपथ आणि प्रभातफेरी.

ग्रुपवर सगळे खूश. पश्या आता पालक-शिक्षक संघात आहे. त्याने लिहिलं, ‘‘पोरांच्या डोक्यात नको ते कशाला भरवायचं? त्यांना ठाऊकही नसतं.’’

ठाऊक नसतं! अरे पश्या, मधल्या सुट्टीत मागच्या भिंतीवरून उडी टाकून पंक्चरवाल्याकडून सोल्युशनची ट्यूब हुंगायला कोण आणायचं? आणि सायकल तर कुणाचीच पंक्चर नसायची. (नाव घेत नाही. तो गृहस्थ आज एका पतसंस्थेचा संचालक आहे.) केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेली पाहणी २०१९ साली बाहेर आली. त्यात हुंगायच्या पदार्थांचा प्रकार एकमेव असा निघाला, ज्यात मुलांनी मोठ्यांना मागे टाकलंय. मुलांत १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. राहता राहिली एमडी. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यातून पकडली, त्याच प्रकरणात आपल्या कुपवाडमध्येही साठा सापडला. कुपवाड! आपण सायकलवर जायचो तिथे. पेपर पोरंही वाचतात, निदान मोबाइलवर.

मी स्वतः सातवीत असताना अण्णांसाठी टपरीवरून पुडी आणायचो. अंगठ्याच्या नखाने चुना किती काढायचा, तळहातावर किती वेळ मळायचं, शेवटी दोन थापा मारून धूळ कशी उडवायची, हे मला भूमितीच्या आधी आलं. शाळेत ‘तंबाखू शरीरास अपायकारक आहे’ असं निबंधात लिहायचो आणि दहापैकी आठ मिळवायचो.

इथे माझी लेक अकरावीत आहे. तिला शाळेत सीपीआरसोबत नॅलॉक्सोन, म्हणजे अफूसारख्या नशेच्या अतिमात्रेवरचा उतारा, द्यायला शिकवलं. सरावासाठी तिने घरी डायनिंग टेबलवर संत्रं मांडलं, सिरिंजमध्ये पाणी भरलं आणि सुई सरळ आत घातली. ‘‘आधी खांदा हलवून हाक मारायची, बाबा. मग ९११ ला फोन. मग दर पाच सेकंदांनी एक श्वास. मग मांडीत, कपड्यावरून चालतं.’’ फेंटानिल या अफूच्या जातीच्या नशेने थांबलेला श्वास त्याने परत येतो, पण काही वेळापुरताच, म्हणून अॅम्ब्युलन्स हवीच. एमडीवर त्याचा उपयोग नाही, हेही तिला माहीत होतं. आणि मित्र कोसळल्यावर फोन केला तर खिशात सापडलेल्या थोड्याशा मालासाठी खटला होत नाही, असा कायदा इथे २०१७ पासून आहे, हेसुद्धा. ते संत्रं कुणी खाल्लं नाही.

आता आपल्याकडचं बघा. अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यातलं कलम २७ पोलीसमामा शाळेत येऊन सांगतात, की नुसती घेतलीत तरी तुरुंग. पण त्याच कायद्यात ६४-अ आहे. व्यसनात अडकलेला माणूस आपणहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला आणि उपचार पुरे केले, तर सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. हे कुठल्या शाळेत सांगतात? व्यसनमुक्तीची १४४४६ ही हेल्पलाइन फलकावर लिहायला कितीसा खडू लागतो? आणि पुण्यात अवचट पती-पत्नींनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, ते काय कॅनडातून आणलं होतं?

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. पश्याचं एका ओळीत उत्तर आलं. ‘‘एवढं शिकवूनही तुमच्याकडेच जास्त मरतात ना रे?’’

मरतात. आमच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने याच मृत्यूंमुळे २०१६ मध्ये आरोग्य आणीबाणी जाहीर केली. २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून जास्त माणसं गेली, आणि प्रांताची वस्ती सांगली जिल्ह्याच्या साधारण दुप्पट. मी लिहिलं, फेंटानिल शिकवण्यातून आलेलं नाही, मालातून आलंय. खरंच आहे ते. पण लिहिताना सोयीचं तेवढंच उचललं. २०२३ च्या जानेवारीत इथे तीन वर्षांच्या प्रयोगापुरतं अडीच ग्रॅमपर्यंत फेंटानिलसारखा माल जवळ बाळगणं गुन्हा राहिला नाही, आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात सार्वजनिक जागी पुन्हा बंदी आली तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हे लिहिलं नाही. भारतातून पाहुणे आले की व्हँकुव्हरच्या हेस्टिंग्ज स्ट्रीटवर, जिथे फूटपाथवर उघड नशा चालते, मी गाडीच्या काचा वर करतो आणि स्टॅनली पार्कची माहिती सांगायला लागतो, हेही नाही.

आणखी एक लिहिलं नाही. मागच्या वर्षी मार्चमध्ये आमच्या ओळखीच्या मराठी घरातला मुलगा गेला. तेवीस वर्षांचा. घरच्यांनी हार्ट अॅटॅक सांगितलं. आम्ही सात-आठ घरांनी तेरा दिवस आळीपाळीने डबे पोचवले, कुणी कुणाला काही विचारलं नाही. माझ्या आईला फोनवर मीही हार्ट अॅटॅकच म्हणालो. लेक शेजारी होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, ‘‘बाबा, अॅटॅक नव्हता.’’ म्हटलं, माहितेय. ‘‘मग?’’ तिच्या सगळ्या मराठीत हा ‘मग’ तेवढा अस्सल सांगलीचा आहे. माझ्याकडूनच उचललेला.

त्यानंतर तिने फार्मसीतून नॅलॉक्सोनचं किट आणलं आणि दाराशी, किल्ल्यांच्या खुंटीला अडकवलं. फुकट मिळतं. रोज कामावर जाताना हाताला लागतं, त्याची सवय झाली. पण गणपतीत मंडळी येणार म्हणून मी ते काढून वॉशिंग मशीनच्या मागे सरकवलं. आरती झाली, माणसं ताटांवर बसली, तो मुलगा गेलेलं घरही होतं, आणि लेक हॉलच्या दारातून सगळ्यांदेखत म्हणाली, ‘‘बाबा, खुंटीवरचं किट कुठेय?’’

‘‘काही नाही, फर्स्ट एडचं आहे,’’ मी कुणी न विचारता म्हणालो आणि मोदक वाढायला घेतले.